उडवून ओळखलेला पाणटिवळा

"आणि ह्याला काय म्हणता तुम्ही?"

चांगुणाबायने मान वर केली नाही. तिचा उजवा हात कोपरापर्यंत चिखलात होता.

"कोणाला?"

"ते बघा ना... राखाडी, लांब चोचीचे. पाण्याच्या कडेला सात-आठ उभे आहेत."

"ते होय." हात बाहेर आला. मुठीत तीन शिवल्या होत्या, मिटलेल्या शिंपल्यांच्या. "त्यांना काय म्हणायचं? ते कामात हायत."

वरदा ताम्हनकर हसली. त्या हसण्यात थोडी कीव होती.

"मावशी, मी नाव विचारतेय."

"तू काय विचारतेस ते कळलं मला."

शिवल्या पाटीत पडल्या. हात पुन्हा चिखलात गेला.

मार्च निम्मा उलटला होता. करंबोळीची खाडी ओहोटीला दूरवर मागे सरकायची आणि मागे काळाभोर, ओला, चकाकता चिखल उघडा पडायचा. त्या चिखलावर भराव टाकून जेट्टी बांधायची होती. पाच दिवसांनी गावात जनसुनावणी होती. त्याआधी पक्ष्यांचा अहवाल हवा होता, आणि अहवाल करणाऱ्या संस्थेने पुण्याहून वरदाला पाठवलं होतं.

वरदा एकतीस वर्षांची. त्यातली बारा वर्षं पक्ष्यांमागे गेलेली. पक्षीमित्रांच्या ग्रुपवर कोणी धूसर फोटो टाकायचा, दिवसभर वाद चालायचा, मग वरदा एक नाव लिहायची आणि वाद संपायचा. हे तिला ठाऊक होतं. आणि आवडतही होतं.

चांगुणाबाय सत्तरीपुढची. चिखलात उतरायला लागली तेव्हा ती परकर नेसायची, एवढंच तिला आठवे. गावातल्या बाया अजूनही आधी तिचं पाऊल कुठे पडलं ते बघत आणि मगच उतरत. सरपंचांनी वरदाला तिच्याच हवाली केलं होतं.

"ती नेईल तिथूनच जा," ते म्हणाले होते. "बाकी चिखल कुणाचा नाय."

वरदाने दुर्बीण डोळ्याला लावली. ऊन चढलं होतं. चिखलावरची हवा तापून थरथरत होती, आणि त्या थरथरीत सगळे पक्षी सारखेच राखाडी दिसत होते.

"पाणटिवळे आहेत," ती म्हणाली. "पण कुठले, हा प्रश्न आहे. दोन जाती असतात, मावशी. एकाची शेपूट काळी आणि पंखावर पांढरा पट्टा. दुसऱ्याच्या पंखावर पट्टा नाही, शेपटीवर बारीक रेघा. तो दुसरा ह्या खाडीत आजवर कोणी नोंदवलेला नाही."

"मग?"

"मग हा तो दुसरा असला तर मोठी गोष्ट आहे. पण पंख मिटून बसलाय. उडाला तर कळेल."

"उडेल की. भरती आली की उडेल."

"एवढा वेळ नाही माझ्याकडे."

वरदा चार पावलं पुढे गेली आणि तिने जोरात टाळी वाजवली.

थवा उठला. कॅमेरा कडकडला. पक्षी खाडीवर एक लांब वळसा घेऊन पुन्हा कडेला उतरले.

फोटो हलले होते. तिने पुन्हा टाळी वाजवली.

दुसऱ्या वेळी पक्ष्यांवर सूर्य मागून आला. सगळे काळे दिसले.

तिसऱ्या वेळी ती टाळ्या वाजवत धावलीच. थवा ह्या खेपेला वळला नाही. थेट खाडीच्या तोंडाकडे निघून गेला आणि दिसेनासा झाला.

चांगुणाबाय कंबरेवर हात ठेवून बघत होती.

"पाणी फिरलं," ती म्हणाली. "आजचं त्यांचं खाणं बुडालं."

वरदाला ऐकू गेलं नाही. ती कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकली होती.

"तोच आहे! बघा मावशी... पट्टा नाही. शेपटीवर रेघा. पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा! ह्या खाडीतली पहिली नोंद!"

चांगुणाबायने पडद्यात पाहिलं.

"पाठ दिसते."

"हो."

"जाताना काढलाय."

"उडताना."

"तेच ते."

दोघी किनाऱ्याच्या खडकांवर आल्या. चांगुणाबायने फडकं सोडलं. तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी, एक कांदा. वरदा पहाटे फक्त चहा घेऊन निघाली होती. तिने भाकरीचा तुकडा मोडला, चटणी लावली, घास तोंडाशी नेला...

कानाजवळ टाळी वाजली.

"ऊठ!"

वरदा दचकून उभी राहिली. "काय झालं? साप आहे?"

"ऊठ म्हटलं ना. तिकडं बस."

वरदा भाकरी घेऊन दहा पावलांवरच्या खडकावर गेली. बसली. घास उचलला.

टाळी.

"ऊठ! हितं नाय. तिकडं."

तिथे ऊन लागतं म्हणून म्हातारी सांगत असेल, असं वरदाला वाटलं. ती पुन्हा उठली. पुढच्या खडकाला सावली नव्हतीच. तरी ती बसली. पोटात आग पडली होती. तिने घाईघाईने मोठा घास केला.

ह्या खेपेला चांगुणाबाय दोन्ही हात पसरून, ओरडत, तिच्या अंगावर धावून आली. वरदाचा तोल गेला. भाकरी हातातून सुटून चिखलात पडली.

"वेड लागलंय का तुम्हाला? सकाळपासून उपाशी आहे मी!"

चांगुणाबाय थांबली. अगदी जवळ आली. तिने वरदाचा चेहरा नीट न्याहाळला, बाजारात मासा बघावा तसा.

"हां... आता ओळखली."

"काय?"

"रागावलीस की तुझी डावी भिवई वर चढते. बसली होतीस तेव्हा दिसत नव्हती."

...

वरदाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिला कळलं होतं, आणि कळलं म्हणूनच ती मागे हटायला तयार नव्हती.

"मी त्यांना दगड मारला नाही. फक्त टाळी वाजवली."

"मी तरी दुसरं काय केलं?"

"तुम्हाला ह्यातलं काही कळत नाही, मावशी! ही नोंद झाली तर तुमची खाडी वाचेल. मी तुमच्याच बाजूची आहे!"

"माझ्या बाजूची हायस," चांगुणाबाय म्हणाली. "त्यांच्या?"

वरदाने बॅग उचलली आणि ती एकटीच रस्त्याकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी ती चांगुणाबायकडे गेली नाही. खाडीच्या पलीकडून बांधावर एक वाट जात होती. तिथे तिने तिकाटण्यावर दुर्बीण लावली आणि ठरवलं, आपलं आपण बघू. बारा वर्षं कोणाच्या बोटाला धरून काढलेली नव्हती.

ओहोटी लागली. पक्षी आले, पण पार समोरच्या अंगाला. दुर्बिणीत ते तिळाएवढे दिसत होते.

त्यांच्यामध्ये एक मोठा ठिपकाही होता. वाकलेला.

वरदाने दुर्बीण नीट केली. चांगुणाबाय होती. शिवल्या काढत होती. तिच्या डाव्या हाताला, तिची पाटी पोहोचेल एवढ्या अंतरावर, दोन पाणटिवळे चिखलात चोच खुपसत होते. ती पुढे सरकली की ते थोडे सरकत. ती थांबली की थांबत. पलीकडे एक एका पायावर उभा राहून झोपलाही होता.

वरदा कितीतरी वेळ बघत राहिली.

तिच्याकडे महागातली महाग दुर्बीण होती. हातभर लांब भिंग होतं. ह्या पक्ष्याचा थंडीतला रंग, विणीतला रंग, पिल्लाचा रंग, तो उत्तरेच्या बर्फाळ टोकाकडून कुठल्या वाटेने येतो, कधी येतो, सगळं तिला तोंडपाठ होतं. आणि बारा वर्षांत ती त्याच्या एवढी जवळ एकदाही गेली नव्हती.

तिला आधी मत्सर वाटला. मग राग आला. हा राग म्हातारीचा नाही, हे ध्यानात यायला तिला दुपार लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती चांगुणाबायच्या अंगणात उभी होती. म्हातारी पाटीचा सुटलेला काठ बांधत होती.

"शिकवा," वरदा म्हणाली.

"काय गो?"

"त्यांच्यात जायला."

"जायला येत नाय कुणाला. बसायला येतंय का तुला?"

"येतं."

"बघू."

"पण कॅमेरा मी बरोबर घेणार," वरदा म्हणाली. मान ताठच होती. "पुरावा लागतो. तुम्हाला पटो न पटो."

चांगुणाबायने गाठ दातांनी आवळली.

"घे की. डोळ्याला कधी लावायचा ते मी सांगीन."

पाणी उतरायला लागलं तेव्हाच दोघी चिखलात शिरल्या. चांगुणाबायने एक जागा धरली आणि तिथे पाटी उपडी करून वरदाला वर बसवलं. स्वतः बाजूला चिखलात फतकल मारली.

पहिल्या तासात वरदाच्या पायांना मुंग्या आल्या. दुसऱ्या तासात चिलटं आली. डोळ्यांत, नाकात, कानांत. तिने हात हलवला.

"अं हं," चांगुणाबाय म्हणाली.

"चावतात!"

"मला पण."

पाणी आणखी मागे गेलं. पक्ष्यांचा पत्ता नव्हता.

"येतील ना?"

चांगुणाबायने वरदाचा हात मनगटाला धरला आणि सरळ चिखलात खुपसला.

"काय लागतंय?"

"चिखल."

"आणि?"

"गार आहे."

"आणि?"

"काही नाही... वाळूचे कण आहेत थोडे."

"आणि?"

वरदाने चिडून तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बोटाच्या टोकाशी काहीतरी होतं. काहीतरी अगदी बारीक, आपल्यापासून दूर सरणारं. जणू चिखलानेच श्वास आत घेतला.

"हललं..."

"त्यांना पण एवढंच लागतं," चांगुणाबाय म्हणाली. "चोचीच्या टोकाला."

वरदाने हात बाहेर काढला नाही. डोळे मिटून ती चाचपत राहिली. एक इथे. एक तिथे, जरा खोल. हे सुटलं. हे सापडलं...

तिने डोळे उघडले तेव्हा पक्षी आलेले होते.

कधी आले, कुठून आले, तिला कळलं नाही. सगळ्यांत जवळचा तिच्यापासून दहा-बारा हातांवर होता. त्याच्या पाठीवरच्या पिसांच्या मधल्या गडद रेघा तिला नुसत्या डोळ्यांनी दिसत होत्या. चोचीचा बुडखा गुलाबी होता, टोक काळं, आणि ती किंचित वर वळलेली होती.

"ती पाण्यात शिरलेली, ती बाई," चांगुणाबाय ओठ न हलवल्यासारखं म्हणाली. "तिची चोच लांब. ती खोल जाते. बाप्ये कडेकडेनं खातात."

वरदाने बघितलं. पोटापर्यंत पाण्यात एक मोठी मादी डोकंही बुडवून चोच खुपसत होती. दोन लहान नर काठावर होते. मादीची चोच लांब असते, हे वरदाने शिबिरांमधून शेकडो लोकांना सांगितलं होतं. ती लांब कशाला असते, हे तिला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

मादीने एक किडा पकडला. ओढला नाही. ताणला, थांबली, सैल सोडला, पुन्हा ताणला. तुटू न देता हळूहळू सगळाच्या सगळा बाहेर काढला.

"आणि तो मागचा..." चांगुणाबायने हनुवटीने दाखवलं. "उजवा पाय बघ."

एक नर जरा लंगडत होता. उजव्या पायाचं एक बोट नव्हतं.

"गेल्या साली जाळ्याचा धागा अडकला होता त्याच्या पायात. बोट काळं पडलेलं. मी म्हटलं, हा काय आता परत येत नाय." तिने बोटांवरचा चिखल निपटला. "आला."

हा पक्षी ते बोट घेऊन, नव्हे, ते बोट गमावून, बर्फाच्या देशापर्यंत गेला होता. आणि परत ह्याच चिखलात आला होता.

"परवा तू उडवलंस ना," चांगुणाबाय म्हणाली, "तवा सगळ्यांत मागं तोच होता."

वरदाचा हात कॅमेऱ्याकडे गेला. डोळ्याला लावायला नाही. तिने मांडीवरच परवाचा फोटो उघडला. तोच, जो तिने पुण्याला पाठवला होता, ज्याच्याखाली दोनशे जणांनी तिचं अभिनंदन केलं होतं. तिने चित्र मोठं केलं. शेपटीवरच्या रेघा तिने परवा एकेक करून मोजल्या होत्या. आज ती शेपटीच्या मागे बघत होती, जिथे पायाची बोटं जराशी बाहेर आलेली असतात.

उजव्या पायाचं एक बोट नव्हतं.



मग लंगडा नर थांबला. त्याने मान आखडली आणि दोन्ही पंख सरळ वर उचलून आळस दिला. पंख उन्हात पूर्ण उघडे. कुठेही पांढरा पट्टा नव्हता.

"आता काढ," चांगुणाबाय म्हणाली.

वरदाने एकच फोटो काढला. तेवढ्यात पापणीला चिलट चावलं, म्हणून तो थोडा हललेला आहे. अहवालाला तिने तोच लावला. परवाचा सगळीकडून काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संस्थेच्या सरपोतदारांचा फोन आला.

"अहवाल वाचला. फार लांब झालाय. 'सामान्य पाणपक्षी आढळले' एवढं पुरे आहे."

"सामान्य नाहीत ते, सर."

"अगं, थंडीत हे सगळे सारखेच दिसतात. शिबिरात तूच सांगतेस."

"बसलं की सारखे दिसत नाहीत."

"कोण बसलं की? पक्षी?"

"बघणारा."

सरपोतदारांचा आवाज खाली आला.

"हे बघ, वरदा. अहवालाचे पैसे जेट्टीची कंपनी देते. आमच्या अहवालात हे जाणार नाही. तुझं नावही जाणार नाही. पुढची कामंही मग..."

"माझं नाव काढा, सर. त्यांचं मी सुनावणीत वाचून दाखवते."

तिने फोन ठेवला. तिला बरं वाटत होतं.

सुनावणी शाळेच्या पटांगणात झाली. मांडव, खुर्च्या, टेबलावर हिरवं कापड. आलेले अधिकारी शांत, सभ्य गृहस्थ होते. कंपनीचे प्रतिनिधी आधी बोलले. भराव किती, रोजगार किती, सगळं नीट मांडलं. शेवटी म्हणाले, "पक्ष्यांचा मुद्दा काही जण काढतील. पण हे पाहुणे पक्षी आहेत. हिवाळ्याला येतात, उन्हाळा लागला की जातात. इथं कायमचं त्यांचं काही नाही."

वरदा उठली. संस्थेची म्हणून नाही, साधी नागरिक म्हणून. तिने पानभर मजकूर वाचला. जात, संख्या, ते काय खातात, कुठे खातात. खाली बसताना तिच्या लक्षात आलं की मांडवातले निम्मे लोक पेंगताहेत. नावं कोणाला ओळखीची नव्हती.

अधिकाऱ्यांनी फोटो हातात घेतला. पहिल्या रांगेतल्या चांगुणाबायकडे पाहिलं.

"आजी, तुम्ही रोज चिखलात जाता म्हणे. हा पक्षी ओळखता?"

चांगुणाबाय टेबलाशी गेली. फोटो उन्हाकडे धरून बघितला.

"हललाय जरा."

मांडवात हसू फुटलं.

"हो, पण ओळखता का?"

"तुम्ही ओळखता, सायेब?"

"मी कसा ओळखणार?"

"मग भराव कुणावर टाकताय?"

हसणं थांबलं.

कंपनीचे प्रतिनिधी समजुतीच्या सुरात म्हणाले, "आजी, आम्ही म्हणतोय ते एवढंच, की ते एप्रिलमध्ये जातातच ना? मग जागा रिकामीच पडते."

चांगुणाबायने त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"लेक सासरी गेली म्हणून तिचं ताट कोणी मोडीत घालत नाय, सायेब."

मागच्या रांगेतली एक बाई उभी राहिली. मग तिच्या शेजारची. कोणी घोषणा दिली नाही. एकेक करत सगळ्या बाया नुसत्या उभ्या राहिल्या आणि अधिकाऱ्यांनी लिहून पूर्ण करेपर्यंत बसल्या नाहीत.

"निर्णय कळवण्यात येईल," एवढं सांगून अधिकारी गेले.

तो निर्णय पुढे वर्षभर ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. पण सुनावणीनंतर चौथ्याच दिवशी, निर्णयाची वाट न बघता, कंपनीचा सुपरवायझर गुंजाळ दोन मजुरांना घेऊन खाडीवर आला. बरोबर लाल रंगाचे खुंट आणि दोरीचं भेंडोळं.

वरदा अजून गावातच होती. पुण्यात तिची वाट बघणारं काम उरलं नव्हतं, आणि पाणटिवळे जायला थोडेच दिवस राहिले होते. त्यांच्या छातीवर विटकरी रंग चढू लागला होता. खाऊन खाऊन ते गुबगुबीत झाले होते. समोरचा प्रवास लांबचा होता.

ती धावत खाली आली तेव्हा निम्मे खुंट ठोकून झाले होते. किनाऱ्याच्या लगतच्या चिखलात आडवी दोरी ताणली होती. तिच्यावर लाल चिंध्या फडफडत होत्या.

"निर्णय झालेला नाही! कोणाच्या परवानगीनं ठोकताय?"

"आम्ही फक्त आखणी करतोय, मॅडम. दोरीच्या पलीकडं आजपासून कोणी जायचं नाही."

"आणि गेलं तर?"

"तक्रार करावी लागेल. नावानिशी."

वरदाने जवळच्या खुंटाला दोन्ही हात घातले आणि हिसका दिला. खुंट हलला नाही. तिने पुन्हा जोर लावला. तिचाच पाय घोट्यापर्यंत रुतला.

"मावशी!" ती ओरडली. "बघत काय राहिलात? काहीतरी करा!"

चांगुणाबाय उतारावरून येत होती. नेहमीच्या चालीने. कमरेवर पाटी. ती दोरीशी आली. वाळत घातलेलं लुगडं बाजूला करावं तशी तिने दोरी वर उचलली आणि वाकून पलीकडे गेली.

मागे वळूनही पाहिलं नाही.

वरदाचे हात खुंटावरच होते. नावानिशी, तो म्हणाला होता. एकदा तक्रार झाली की कुठल्या संस्थेचं काम मिळणार होतं, कुठल्या जंगलात शिरायची परवानगी मिळणार होती... ती गुंजाळकडे वळली.

"लिहून घ्या. वरदा ताम्हनकर. ताम्हनकरमध्ये न नळाचा."

आणि तिने खुंट सोडला. दोरी उचलली. तीही वाकली.

पाणटिवळे समोरच होते. बत्तीसपर्यंत तिने मोजले, आणि मोजणं सोडून दिलं. ती सावकाश चालली. एकानेही पंख उघडले नाहीत. चांगुणाबायपासून दोन हातांवर तिने बैठक मारली आणि हात चिखलात घातला.

"ओ! बाहेर या!" गुंजाळ ओरडला. मजूर खुंटांवर टेकून बघत राहिले. ते शेजारच्याच गावचे होते. "आजी! ऐकू येत नाही का?"

चांगुणाबायला ऐकू येत होतं. ती एक शिवली काढून डबक्यात धूत होती.

गुंजाळ स्वतःच आत निघाला. चार पावलं नीट गेला. पाचव्याला त्याचा बूट चिखलाने धरला. त्याने पाय ओढला, पाय आला, बूट राहिला. तोल सावरायला त्याने शेवटचा खुंट पकडला. तो खुंट मऊ जागेत ठोकलेला होता. सावकाश कलंडला आणि आडवा झाला. दोरी सैल पडली. तिचं टोक तेवढं गुंजाळच्या हातात राहिलं.

एका पायात बूट, एका पायात मोजा, हातात दोरी. तो तसाच उभा राहिला. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना.

"मी शेवटचं सांगतोय!" तो ओरडला. आवाज चिरकला होता. "ही कंपनीची हद्द आहे!"

चांगुणाबायने शिवली पाटीत टाकली. खाडीच्या तोंडाकडे एकदा पाहिलं. मग त्याच्याकडे.

"हद्द होय... मग धर घट्ट, बाळा. पाणी येतंय."